आधी पाणी, मग गाडी

चारुशीला मूळची वाईची. वडील शरच्चंद्र गुरुजी सकाळी घाटावर पूजा सांगायचे आणि मग सायकल काढून शाळेत संस्कृत शिकवायला जायचे. अशा घरातली पोरगी खो-खोत खांबावरून सूर मारून गडी बाद करते, याचं घाटावरच्या मंडळींना भारी नवल वाटे. गुरुजींना वाटत नसे. ते सामन्याला यायचे, उपरणं सावरत मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि घरी आल्यावर तिच्या सोललेल्या ढोपरांना स्वतः हळद लावायचे. अकरावीत असताना असाच सूर मारताना तिचा गुडघा फिरला. गावातल्या नावाजलेल्या मालीशवाल्याने तो ओढून ‘जागेवर बसवला’, आणि जे काही शाबूत होतं तेही तुटलं. खेळ संपला. चारुशीलाने फार रडारड केली नाही. तिने फिजिओथेरपी शिकायला घेतली, लग्न होऊन सांगलीला आली, आणि एका खाजगी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरीला लागली.

काम तसं सरळ होतं. कुणाचा घोटा मुरगळला तर पट्टी बांधायची, कुणाचा खांदा धरला तर शेकायचा, स्पर्धांना खुर्ची-टेबल मांडून बसायचं. विभागाचे संचालक हंबीरराव, जुने कबड्डीपटू. आवाज मोठा, मन मऊ. ते तिला लोकांसमोर ‘आमच्या डॉक्टरीणबाई’ म्हणायचे आणि ती दर वेळी “मी डॉक्टर नाही हो, सर,” म्हणून हसायची. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. नवरा अवधूत बँकेतून परतला की दोघं कृष्णेच्या काठाने चक्कर मारून यायची. आपल्या हातून फार मोठं काही होणार नाही आणि फार वाईटही नाही, अशी तिची खातरी होती.

मग त्या ऑक्टोबरात विट्याच्या बाजूला आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्री शर्यत झाली. शर्यत उजाडताच सुटायची होती. पण पाहुण्यांची गाडी उशिरा आली. मग हार झाले, नारळ झाला, भाषणं झाली, आणि मुलं धावायला लागली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. पाऊस नुकताच सरलेला, हवेत दमटपणा, वारा नाही. विद्यापीठाची सगळी आशा शंभूराजवर होती. तिसऱ्या वर्षाचा पोरगा. वडील कृष्णात फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, घरचा ऊस, गाव शर्यतीच्या जागेपासून जवळच. शंभूराजला फौजेतच जायचं होतं. बोलायला इतका कमी की चारुशीलाने दोन वर्षांत त्याच्या तोंडून ‘व्हय मॅडम’ आणि ‘न्हाई मॅडम’ यापलीकडे फारसं काही ऐकलं नव्हतं.

तो शेवटच्या वळणावर पहिला दिसला. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. आणि मग तो थांबला, वळला, आणि आल्या वाटेनं उलटा पळायला लागला. लोक हसले. हंबीरराव ओरडत त्याच्याकडे धावले, तर त्या न बोलणाऱ्या पोरानं त्यांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या. पुढच्याच क्षणी तो रस्त्यात कोसळला.

त्यानंतर जे झालं ते आपल्याकडे सगळीकडे होतं तसंच झालं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. कुणी ग्लुकोजचं पाणी तोंडात ओतलं. कुणी म्हणालं, अंगात आलंय, लांब व्हा. चारुशीलाने नाडी पाहिली, घोड्यासारखी उधळलेली. अंग तापलेलं, पण घामानं निथळत होतं. ऊन लागलेल्या माणसाचं अंग कोरडं पडतं, असं तिच्या पुस्तकात होतं, आणि हे तर ओलं. “जीप आणा,” ती म्हणाली. सगळेच म्हणाले. मुलाला मागच्या सीटवर घातलं, त्याचं डोकं हंबीररावांच्या मांडीवर. विट्याच्या दवाखान्यानं सलाइन लावून सांगलीला न्यायला सांगितलं. सांगलीत पोचेपर्यंत त्याची शुद्ध पार गेली होती. दुपारी तो गेला.

एकवीस वर्षांचा, सकाळी शेंगदाण्याचा लाडू खाऊन आलेला पोरगा पळता पळता मरतो, हे चारुशीलाच्या डोक्यात शिरेना. डॉक्टर सांगत होते की उष्माघात, अवयव निकामी झाले, इलाज नव्हता. हंबीरराव दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, विजारीवर त्या पोराच्या घामाचे डाग तसेच. चारुशीला त्यांच्या शेजारी बसली. तिला रडूही आलं नाही. आतून काही तरी बधिर झाल्यासारखं झालं होतं, आणि ते बरेच दिवस तसंच राहिलं.

खरा धक्का पुढे बसायचा होता. फेब्रुवारीत पुण्यात खेळाडूंच्या दुखापतींवर एक कार्यशाळा झाली आणि विभागानं चारुशीलाला पाठवलं. तिथं एका डॉक्टरांनी पडद्यावर एक चित्रफीत लावली. परदेशातली शर्यत. एक धावपटू झोकांड्या खातो, बडबडतो, पडतो. चौघं येतात, त्याला उचलून एका टबात घालतात. टबात पाणी आणि बर्फ. तो ओरडतो, हातपाय झाडतो. थोड्या वेळाने शांत होतो आणि स्वतःचं नाव सांगतो. डॉक्टर सहज बोलल्यासारखं म्हणाले की पळताना उष्माघात झालेल्याचं अंग बहुधा ओलंच असतं, त्याला फसू नका. पडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत थंड केलं तर जवळजवळ सगळे वाचतात. लोक मरतात ते गाडीत.

चारुशीला उठून बाहेर आली. समोरच्या भिंतीवर कसलीशी सूचना चिकटवलेली होती. ती तिनं पुन्हा पुन्हा वाचली आणि तिला एक अक्षर कळलं नाही. टबभर पाणी. औषध नाही, यंत्र नाही, इंजेक्शन नाही. एवढी शिकलेली ती, आणि तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. नंतर तिनं तिथल्या चारदोन जणांना विचारलं. त्यांनाही आजच कळत होतं.

सांगलीला आल्यावर तिनं हंबीररावांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. चेहरा पांढराफटक पडला. मग म्हणाले, “मॅडम, हे मला सांगायला नको होतं तुमी.”

दोन दिवस ते कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते थेट तिच्या टेबलाशी. म्हणाले, हे शिकवायचा अभ्यासक्रमच काढू; काय शिकवायचं ते तुम्ही ठरवा, विद्यापीठाशी भांडायचं काम माझं. अभ्यासक्रमाची सुरुवात झाली ती अशी.

भांडण सोपं नव्हतं. खेळाडूच्या पाठीशी मैदानावर उभं राहणारी माणसं तयार करायची: मान दुखावली तर हलवायचं कसं नाही, छातीवर चेंडू बसून हृदय थांबलं तर काय करायचं, डोक्याला मार बसलेल्याला पुन्हा खेळायला कधी सोडायचं, उन्हात कोसळला तर काय. एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत एकानं विचारलं की म्हणजे मालीशवाले तयार करणार का. त्या शब्दासरशी चारुशीलाचा गुडघा ठणकल्यासारखा झाला. दुसऱ्यानं विचारलं, यांना नोकरी कोण देणार. ती म्हणाली, फौज-पोलीस भरतीच्या प्रत्येक अकादमीला, प्रत्येक तालमीला, प्रत्येक शाळेला यांची गरज आहे. गरज आहे म्हणून नोकरी आहे असं होत नाही, मॅडम, असं उत्तर आलं, आणि ते खोटं नव्हतं.

पण सगळ्यात मोठा गहजब झाला तो थर्मामीटरवरून. काखेतला ताप अशा वेळी दगा देतो, खरा ताप गुदद्वारातूनच कळतो, हे ती साधेपणानं सांगून गेली. मग एकदम सगळे बोलायला लागले. पोरापोरींना हे शिकवायचं? मैदानात? आपल्या भागात? एक ज्येष्ठ प्राध्यापक तर कागद गोळा करून उठलेच. हंबीररावांनी त्यांना हात धरून बसवलं. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की शंभूराजचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि त्या वेळी माझी लाज मला कुणी विचारली नव्हती. मंजुरी मिळाली. वेगळी खोली मिळाली नाही. मैदानाच्या गॅलरीखाली जुन्या गाद्या आणि मोडकी हर्डल्स ठेवायची जागा होती, ती साफ करून वर्ग सुरू झाला. टब विकत घ्यायला मान्यता मिळेना, तेव्हा हंबीररावांनी एका गोठेवाल्याकडून जनावरांना पाणी पाजायची प्लॅस्टिकची मोठी हौदी आणली.

पहिल्या तुकडीत मोजकीच मुलं. पहिल्या दिवशी चारुशीलाने एकेकाला उभं करून ओळख सांगायला लावली. वीरधवल नावाचा पैलवान होता, कान मोडलेले, आवाज बारीक. त्याच्यामागे एक सडसडीत मुलगी उभी राहिली.

“मी साक्षी. शंभूराजची बहीण.”

चारुशीला तिच्याकडे बघतच राहिली. तेच कपाळ, तेच खाली बघणं. त्यानंतरच्या मुलांनी कोणती नावं सांगितली, ते तिला पुढे कितीतरी दिवस आठवलं नाही.

त्या घराला काय माहीत होतं? उष्माघात झाला, दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी शर्थ केली, इलाज चालला नाही. एवढंच. आणि हा अभ्यासक्रम म्हणजे शंभूराज वाचला असता, याचा पुरावाच होता. हंबीरराव म्हणाले, त्या धड्याला तिला कुठंतरी कामाला पाठवू. चारुशीलाला ते पटलं नाही, पण धडा घ्यायचं धैर्यही होईना. तिनं घोटे शिकवले, खांदे शिकवले, मानेची पट्टी कशी बांधायची ते पुनःपुन्हा करून घेतलं. साक्षी मन लावून शिकत होती. हात हलका होता तिचा. शेवटी तिनंच एके दिवशी वर्ग सुटल्यावर विचारलं, “मॅडम, उन्हाचा धडा कवा घेणार? मी त्याच्यासाठीच आले.”

दुसऱ्या दिवशी चारुशीलाने धडा घेतला. अंगाची उष्णता मेंदूला कशी भाजून काढते, माणूस शिव्या का देतो, उलटा का पळतो, घाम आला तरी का फसायचं नाही. मग हौदी पाण्यानं भरली, मिरजेहून आणलेली बर्फाची लादी फोडून टाकली, आणि वीरधवलला आत बसवून दाखवलं. पैलवान किंचाळला तशी सगळी हसली. तोच कुडकुडत म्हणाला, “म्हंजी मॅडम, जीपमधनं न्यायचंच न्हाई?”

“न्यायचं. पण आधी पाणी, मग गाडी.”

हसणं थांबलं. ते कुणी थांबवलं नाही, आपोआप थांबलं. साक्षी हौदीच्या कडेला हात ठेवून उभी होती.

“दादाला जीपमधनं नेलं,” ती म्हणाली.

मग तिनं मान वर केली.

“मॅडम, दादा वाचला असता?”

सांगता येत नाही, असं म्हणायचं चारुशीलाने रात्रीच ठरवून ठेवलं होतं. ते तिच्या तोंडून निघालं नाही.

“बहुतेक वाचला असता,” ती म्हणाली.

साक्षीनं हात पुसले, पिशवी उचलली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. फोन लागेना. चारुशीला एसटीनं विट्याला गेली आणि तिथून वडापच्या खाजगी जीपनं त्यांच्या गावाला.

कृष्णात अंगणात उभे होते. त्यांनी तिला ओळखलं, खाट पुढं ओढली. साक्षीची आई बनुबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. मुलीनं घरी सगळं सांगितलेलं आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. चारुशीला बोल ऐकून घ्यायच्या तयारीनं आली होती. पण बनुबाई बोल लावत नव्हत्या. त्या अगदी हळू, चौकशी केल्यासारखं विचारत होत्या.

“त्याला पाणी कसलं लागतं, बाई? बर्फाचंच लागतं का?”

“नाही, ताई. कुठलंही चालतं. गार असलं की झालं.”

“कालव्याचं चाललं असतं?”

चारुशीलाला प्रश्नाचा रोख कळला नाही. ती म्हणाली, “हो, चाललं असतं.”

बनुबाईंनी मान हलवली. “जीप कालव्याच्या कडंकडंनं गेली, बाई. विट्यापातूर पाणीच पाणी हुतं.”

कृष्णात उठले आणि गोठ्यामागं निघून गेले. चारुशीला खाटेवर थिजून बसली. तिनं त्या रस्त्यानं आजच प्रवास केला होता. खिडकीतून कालवा दिसला होता, भरून वाहणारा, आणि तिच्या मनात काही म्हणजे काही आलं नव्हतं. पुण्याच्या त्या पडद्यासमोर जे कळलं असं तिला वाटत होतं, ते खरं तर आता या अंगणात कळत होतं. बनुबाई जा म्हणाल्या नाहीत, थांबाही म्हणाल्या नाहीत. साक्षी आतून आली आणि तिला रस्त्यापर्यंत सोडायला निघाली. वडाप दिसलं तेव्हा साक्षी म्हणाली, “सोमवारी येते.”

आणि आली.

पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा शर्यत झाली. या वेळी हंबीररावांनी आधीच बजावलं होतं की पाहुणे आले नाहीत तर नारळ आपण फोडू, शर्यत वेळेवर सुटेल. सुटली. तरी उकाडा होताच. शेवटच्या टप्प्यावर मांडव घालून हौदी भरून ठेवली होती, बाजूला चादरीचा आडोसा. येणारे-जाणारे विचारत होते की म्हशी कुठं आहेत.

साताऱ्याच्या एका कॉलेजचा राजस नावाचा मुलगा अंतिम रेषेच्या थोडं अलीकडे डगमगायला लागला. गुडघ्यावर पडला, उठला, जवळच्या पंचाला ढकललं, काहीबाही बरळला आणि आडवा झाला. चारुशीला जागची हलायच्या आत साक्षी आणि वीरधवल त्याच्यापाशी पोचली होती. त्यांनी त्याला आडोशाला आणलं. वीरधवलनं ताप मोजला आणि आकडा सांगितला. बेचाळीस सेल्सिअसच्या जवळ, म्हणजे एकशेसात फॅरनहाइट.

“पाण्यात,” साक्षी म्हणाली.

रुग्णवाहिका शेजारीच उभी होती. राजसचे प्रशिक्षक लालासाहेब धावत आले, आणि आपला पोरगा बर्फाच्या हौदीत गळ्यापर्यंत बुडवलेला, किंचाळतोय, हात झाडतोय, एक पैलवान त्याला खांद्यांनी दाबून धरतोय आणि एक मुलगी त्याच्या डोक्यावर तांब्यांनी पाणी ओततेय, हे त्यांनी बघितलं. मग ते तुटून पडले. मारताय का त्याला? गाडी उभी असताना पोराला बुडवताय? काढा बाहेर! गर्दी जमली. मोबाइल वर झाले. कुणीतरी म्हणालं, पोलीस बोलवा. हंबीरराव हात पसरून मध्ये उभे राहिले, चारुशीला त्यांच्या बाजूला. लालासाहेबांनी हंबीररावांची कॉलर धरली. हंबीररावांनी धरू दिली.

साक्षीनं वर पाहिलं नाही. पाणी ढवळत, अगदी शांत आवाजात ती म्हणाली, “सर, मी याला आत्ता गाडीत घालू देणार न्हाई. माझा भाऊ गाडीत गेला.”

लालासाहेबांचा हात सैल पडला. कॉलर सोडायची की धरायची हे जणू त्यांना कळेना.

किंचाळणं मंदावलं. मग थांबलं, आणि ते थांबणं चारुशीलाला सगळ्यात भयंकर वाटलं. पडद्यावर तिनं हे पाहिलं होतं, वर्गात शंभर वेळा सांगितलं होतं, आणि त्या क्षणी तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास उरला नाही. आपण चुकलो असलो तर? साक्षी मुलाच्या कानाशी वाकून पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, नाव काय तुझं, नाव काय. वीरधवलनं ताप पुन्हा पाहिला. उतरत होता.

“राजस,” तो मुलगा म्हणाला. दात वाजत होते. “थंडी वाजतेय. मला बाहेर काढा ना.”

वर धरलेले मोबाइल एकेक करून खाली आले. लालासाहेबांनी हंबीररावांची कॉलर सारखी केली.

मुलाला बाहेर काढून, पुसून, रुग्णवाहिकेत घातलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोन करून विचारलं की याला कुणी थंड केलं, आणि दुसऱ्या दिवशी तो चालत घरी गेला. पण ते नंतरचं. त्या वेळी रुग्णवाहिका गेल्यावर चारुशीला साक्षीला शोधत होती. ती मांडवामागे, पाण्याच्या टँकरच्या चाकाला पाठ टेकून बसली होती. हातांच्या बोटांना बर्फानं सुरकुत्या पडलेल्या. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. जबर धक्का बसल्यासारखी ती दिसत होती, शंभूराज गेला त्या दिवशी चारुशीला दवाखान्याच्या पायरीवर दिसत असेल तशी.

“मॅडम, येवढंच हुतं?” ती म्हणाली. “येवढंच करायचं हुतं?”

चारुशीला तिच्याशेजारी मातीत बसली. हो म्हणायची गरज नव्हती. मग साक्षी रडायला लागली, आणि चारुशीलालाही इतक्या दिवसांनी पहिल्यांदा रडू आलं.

आता त्या वर्गाला खोली मिळाली आहे आणि दोन तुकड्या बाहेर पडल्या आहेत. वीरधवल कराडकडच्या एका भरती अकादमीत असतो. पगार घेण्याआधी आपण त्यांना हौदी घ्यायला लावली, असं तो हसत सांगतो. साक्षी विभागातच चारुशीलाची मदतनीस आहे. लालासाहेबांनी आपल्या कॉलेजातून दोन मुली शिकायला पाठवल्या, स्वतः आणून सोडल्या. नोकऱ्यांचं मात्र अजून अवघडच आहे. मंडळातला तो प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि चारुशीलाला दरवर्षी पूर्ण उत्तर देता येत नाही.

उन्हाचा धडा आता साक्षी घेते. त्या शर्यतीनंतर ती घरी गेली होती, तेव्हा आईला सगळं बसून सांगितलं. सांगून झाल्यावर बनुबाईंनी विचारलं, त्या पोराची आई कुठली. साताऱ्याची, असं साक्षी म्हणाली. “तिचं पोर घरी आलं म्हंजी,” बनुबाई म्हणाल्या, आणि मग धार काढायची वेळ झाली म्हणून उठल्या.